नागपुरात नर्स म्हणून पहिली नोकरी: सारखे सारखे येणारे प्रश्न

मी नागपुरात अकरा वर्षांपासून वॉर्ड आणि आयसीयूत काम करून राहिली आहे, आणि दरवर्षी रिझल्ट लागला की पोरीपोरांचे मेसेज सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवलं. एका उत्तरात दुसऱ्या विषयाचा भाग आला तर तिथेच सांगितलंय कुठे बघायचं ते.

ताई, रिझल्ट लागला, आता सगळ्यात आधी काय करू?

रजिस्ट्रेशन. नोकरी शोधायच्याही आधी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवल्याशिवाय तुम्ही कायद्याने नर्स म्हणून काम करू शकत नाही, डिग्री हातात असली तरी. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. भरण्याआधी एक काम करा, दहावीची मार्कशीट, नर्सिंगच्या सगळ्या मार्कशीट, आधार आणि पासिंग सर्टिफिकेट एका रांगेत टेबलावर मांडा आणि नावाचं स्पेलिंग अक्षर न अक्षर जुळवून बघा. वडिलांच्या नावात एक एच जास्त आहे एवढ्यावरून लोकांचे अर्ज परत आलेले मी पाहिलेत. चूक सापडली तर बीएस्सीवाल्यांनी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून आणि जीएनएमवाल्यांनी (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांनी) आपल्या परीक्षा मंडळाकडून, कॉलेजमार्फत आत्ताच दुरुस्त करून घ्या, कारण कॉलेजातून बाहेर पडून वर्ष झालं की तिथला क्लार्कही ओळखत नाही. नंबर मिळाला की काम संपलं असं नाही, दर पाच वर्षांनी रिन्यूअल असतं आणि त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना चालू ठेवलेल्या शिक्षणाचे, पॉइंट लागतात, तर वर्कशॉपची सर्टिफिकेट पहिल्या दिवसापासून एका फाइलला लावत चला.

रजिस्ट्रेशन नंबर यायचाय, पण हॉस्पिटलवाले म्हणतात उद्यापासून या. जाऊ का?

ट्रेनी म्हणून, कोणाच्या तरी हाताखाली, आणि तसं ऑफर लेटरवर लिहून देत असतील तर जाता येईल. पण नाइटला एकटीला वॉर्ड देतात, इंजेक्शन देऊन चार्टवर तुमची सही घेतात, असं असेल तर नको. काही कमीजास्त झालं तर कागदावर सही तुमची असते आणि त्या दिवशी तुम्ही रजिस्टर्ड नसता. दुसरं म्हणजे, बऱ्याच भरतीत रजिस्ट्रेशननंतरचाच अनुभव धरतात, मग त्या तीन महिन्यांचा उपयोगही होत नाही.

जीएनएम झालंय, बीएस्सीवाल्यांपेक्षा मागे पडेन का?

बेडसाइडला नाही. पहिल्या सहा महिन्यांत तर जीएनएमच्या मुलींचा हात जास्त बसलेला असतो असं माझं मत आहे. फरक पडतो तो पुढे. एम्सच्या परीक्षेला बीएस्सी असेल तर अनुभव लागत नाही, जीएनएमला निदान 50 बेडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. सीएचओच्या (कम्युनिटी हेल्थ ऑफिसरच्या) पोस्टही मुख्यतः बीएस्सीवाल्यांना. म्हणून नोकरी लागली, घरची घडी बसली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची डिग्री) मनात ठेवा. आणि तोवर जिथे काम कराल ते हॉस्पिटल 50 बेडच्या वरचं आहे का हे आधीच विचारा, नंतर कळून उपयोग नाही.

मेडिकल, मेयो, एम्स, की प्रायव्हेट? सुरुवात कुठे करू?

मेडिकल आणि मेयो ही इथली सरकारी मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं, एम्स केंद्राचं. सरकारीत तुमच्या मर्जीने सुरुवात होत नाही, जाहिरात निघेल, परीक्षा होईल, मग (त्याबद्दल सरकारी परीक्षेच्या प्रश्नात). तोपर्यंत घरी बसून नुसता अभ्यास करायचा की प्रायव्हेटला लागायचं, हा खरा प्रश्न असतो. मी म्हणेन लागा. शिकलेलं हातातून फार लवकर जातं.

प्रायव्हेटमध्ये धंतोली-रामदासपेठेत गल्लीगल्लीत लहान नर्सिंग होम आहेत आणि वर्धा रोड, मानकापूर, हिंगणा या बाजूंना मोठी हॉस्पिटलं आहेत. लहान जागी लवकर घेतात, घरच्यासारखं वागवतातही, पण तिथे एकच सिस्टर ओपीडी, ओटी, वॉर्ड सगळं सांभाळते आणि तिला शिकवणारं कोणी नसतं. पहिल्या वर्षी मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, की तुमच्या मागे उभं राहून "थांब, असं नको, असं कर" म्हणणारी सीनियर आहे का. पगारात हजार-दोन हजार कमी असले तरी चालतील, पण ती सीनियर पाहिजे.

इंटरव्ह्यूला गेलात की तुम्हीच विचारा. ओरिएंटेशन किती दिवसांचं आहे, पहिली नाइट कधी लागते, नाइटला वॉर्डात एका नर्सकडे किती पेशंट असतात, व्हेंटिलेटरच्या पेशंटला वेगळी नर्स असते का. उत्तर टाळलं तर समजून जा. शक्य असेल तर संध्याकाळी भेटीच्या वेळेत जाऊन त्या वॉर्डच्या कॉरिडॉरमध्ये पंधरा मिनिटं उभं राहा, कॉल बेल किती वेळ वाजते आणि सिस्टर एकमेकींशी कशा बोलतात एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

डायरेक्ट आयसीयू मिळतंय, घेऊ का?

शिकवणारी टीम असेल तर घ्या, भीती वाटली तरी. फक्त सुरुवातीचे काही आठवडे स्वतःचा स्वतंत्र पेशंट न देता कोणासोबत जोडून देतील हे आधी पक्कं करून घ्या. तशी सोय नसेल तर वर्षभर जनरल मेडिसिन किंवा सर्जरी वॉर्ड करा, पेशंट बिघडायला लागला की तो आधी कसा दिसतो हे वॉर्डातच कळतं.

पगार किती मागू?

2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की 50 बेडच्या खालच्या प्रायव्हेट हॉस्पिटलातही नर्सला निदान 20,000 रुपये मिळावेत, 50 ते 100 बेडला सरकारी पगारापेक्षा फार तर 25 टक्के कमी, 100 ते 200 ला फार तर 10 टक्के कमी आणि 200 च्या वर सरकारीइतकाच. तुम्हाला येणारी ऑफर यापेक्षा बरीच खाली असते, मला माहीत आहे, आणि याचा मला आजही राग येतो. शिफारस असून ती पाळली जात नाही, कारण रजिस्टर्ड मुलगी निम्म्या पगारात मिळते हे समोरच्याला माहीत असतं. म्हणून आकडा माहीत असू द्या आणि बोलताना घ्या, निदान पहिल्याच आकड्याला मान हलवू नका.

हातात किती येणार ते विचारा, सीटीसी (सगळं धरून कागदावर दाखवतात तो आकडा) नाही. पीएफ कापतात का, 21,000 च्या आत पगार असेल तर ईएसआयसी (सरकारी आरोग्य विमा) आहे का, नाइट अलाउन्स, आठवडी सुट्टी, आणि डबल ड्युटी केली तर पैसे की बदली सुट्टी. हे सगळं लेटरवर. तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी एचआर बदलला की कोणालाच आठवत नाही.

दोन वर्षांचा बाँड आणि ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करा म्हणतात, काय करू?

ओरिजिनल देऊ नका. दाखवा, त्यांच्यासमोर पडताळणी होऊ द्या, सेल्फ अटेस्टेड झेरॉक्स द्या आणि ओरिजिनल बॅगेत घेऊन घरी या. माझ्यासोबतच्या एका मुलीचे कागद एका ठिकाणी अडकले होते, सरकारी जॉइनिंगची तारीख डोक्यावर आणि इकडे कपाटाची चावी सापडत नाही म्हणून सांगत होते, ती पोरगी आठ दिवस जेवली नाही धड.

बाँडचं थोडं वेगळं आहे. तुमच्यावर खरंच ट्रेनिंगचा खर्च केला असेल तर वाजवी भरपाई मागता येते, पण कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम 74 प्रमाणे कागदावर लिहिलाय तो सगळा आकडा आपोआप वसूल होत नाही, वाजवी किती ते बघितलं जातं. तरी सही करायच्या आधी रक्कम, मुदत आणि नोटीस पिरियड वाचा, एक कॉपी मागा. कोरा चेक किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही मागितली तर मात्र तिथून उठून या.

इंटरव्ह्यूत काय विचारतात?

फ्रेशरला फार खोलात नाही नेत. व्हायटल्सच्या नॉर्मल व्हॅल्यू, ड्रॉप रेट (सलाइनचे मिनिटाला किती थेंब) काढणं, क्रॅश कार्टमध्ये (इमर्जन्सीच्या ट्रॉलीत) काय असतं, सीपीआरचं 30 ला 2 (30 वेळा छाती दाबली की 2 श्वास), बायोमेडिकल वेस्टच्या पिशव्यांचे रंग, ब्लड चढवताना काय बघता आणि रिअॅक्शन आली तर पहिलं काय कराल. शेवटच्याचं उत्तर "डॉक्टरला कळवीन" असं सगळ्या देतात, पण पहिलं म्हणजे ट्रान्सफ्युजन बंद करायचं, मग लाइन नॉर्मल सलाइनवर चालू ठेवून कळवायचं. येत नसेल तर येत नाही म्हणा. मी स्वतः आता पॅनलवर बसते, ठोकून देणाऱ्या मुलीला घ्यायची भीती वाटते.

जॉइन होऊन तीन आठवडे झाले, मला काहीच येत नाही असं वाटतं, रोज रडू येतं. सोडून देऊ का?

हा मेसेज सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक रात्री दोन-तीनच्या सुमाराला येतो.

नको सोडू लगेच. कॉलेजात तुला एका शिफ्टला दोन-तीन पेशंट होते आणि केस स्टडी लिहायला आठवडा होता. इथे दहा पेशंट, दोन अॅडमिशन, एक डिस्चार्ज, फार्मसीचा इंडेंट (औषधांची मागणी) आणि बेड नंबर सातचे काका चौथ्यांदा बेल मारून राहिले. तुझं डोकं कमी नाही, कामांचा क्रम लावायची सवय अजून झालेली नाही, आणि ती व्हायला बहुतेकींना पाच-सहा महिने लागतातच.

काही गोष्टी मला कामी आल्या त्या सांगते. ड्युटीच्या पंधरा मिनिटं आधी पोचायचं. खिशात एक कागद, घडी घालून रकाने पाडायचे, बेड नंबर, निदान, किती वाजता काय द्यायचं, कोणती तपासणी बाकी. हँडओव्हर घेताना बेडजवळ उभं राहून घ्यायचा, सलाइनमध्ये किती उरलंय, कॅथेटरच्या पिशवीत काय आहे, आयव्हीची जागा सुजली का, हे डोळ्यांनी बघून. मग सगळ्यात आधी ज्याच्याकडे बघून पोटात गोळा येतो त्या पेशंटकडे जायचं. श्वासाचा दर खरंच मोजायचा, 20 लिहून मोकळं व्हायचं नाही, कारण पेशंट बिघडताना बऱ्याचदा बीपीच्या कितीतरी आधी तो वाढतो.

आणि आपल्या विदर्भाचे आजार जरा वेगळे शिकून घ्या. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा क्रायसिस (अचानक उठणारं दुखणं) घेऊन गडचिरोली, चंद्रपूरकडची पोरं येतात, त्यांचं दुखणं बाहेरून दिसत नाही म्हणून "हा नेहमीचाच आहे, इंजेक्शन मागतो" असं बोललं जातं. त्यांच्यावर विश्वास ठेवा, दुखणं खरं असतं आणि भयंकर असतं. पावसाळ्यात साप चावलेले येतात, तिथे 20 मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट (रक्त गोठतं का ते बघायची) नर्सच्याच हातात असते, कोरडी स्वच्छ काचेची ट्यूब, 2 एमएल ताजं रक्त, 20 मिनिटं हलवायचं नाही. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये केली तर रिपोर्ट फसवतो. अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) सुरू करताना, रिअॅक्शन आली तर म्हणून, अॅड्रिनलिन भरून बाजूला ठेवलेलं पाहिजे. आणि मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की उष्माघाताचे पेशंट येतात, तिथे आधी अंग थंड करणं, बाकी सगळं नंतर.

सहा महिन्यांनंतरही रोज कामावर जाताना पाय ओढत असतील, झोप उडाली असेल, किंवा कोणी चारचौघात अपमान करत असेल, तर मग जागा बदला. जागा म्हणतेय, काम सोडा नाही म्हणत.

माझ्याकडून औषधाची चूक झाली तर?

सांगायची. लगेच, पेशंट ठीक दिसत असला तरी.

माझ्याकडून झाली आहे म्हणून लिहिते. तिसऱ्याच आठवड्यात 100 युनिट प्रति एमएलचं इन्सुलिन मी लाल टोपीच्या, 40 युनिट प्रति एमएलसाठी असलेल्या सिरिंजमध्ये भरलं. खुणा बघून 10 भरले, गेले 25. पंधरा मिनिटांनी रिकामी सिरिंज टाकताना लक्षात आलं, हातपाय गार पडले. वाटलं कोणाला कळणार नाही. पण इनचार्ज सिस्टरकडे गेले, त्या एक शब्द ओरडल्या नाहीत, डॉक्टरला बोलावलं, दर अर्ध्या तासाला शुगर, 25 टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायची साखर) तयार. शुगर उतरलीच, पण आम्ही तिथे उभे होतो. पेशंट आजी दुसऱ्या दिवशी चहा मागत होत्या. मी गप्प बसले असते तर त्या रात्री झोपेतच गेल्या असत्या, हे मला अजूनही आठवतं.

तर 40 च्या व्हायलला लाल टोपीची सिरिंज, 100 ला नारंगी. पोटॅशियम क्लोराइड कधीही सरळ शिरेत नाही, एका 10 एमएलच्या अँप्युलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट असतं, नेहमी सलाइनमध्ये पातळ करून सावकाश, आणि ते अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवायचं नाही. हेपरिन, इन्सुलिन, पोटॅशियम, नॉरअॅड्रिनलिन, ही औषधं दुसऱ्या नर्सला दाखवून मगच. फोनवर ऑर्डर आली तर लिहा, परत वाचून दाखवा, आणि सही घ्यायचा पिच्छा सोडू नका. इन्सिडेंट रिपोर्ट स्वतःच्या शब्दांत आणि खरा लिहा, वेळ टाका, चार्टवर खाडाखोड करू नका.

सुई टोचली. आता?

घाबरून बोट दाबत किंवा पिळत बसू नका, तोंडात तर अजिबात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, इनचार्जला सांगा, कॅज्युअल्टीत जा. एचआयव्हीचं पीईपी (लागण होऊ नये म्हणूनची औषधं) लागणार असेल तर जितक्या लवकर तितकं चांगलं, दोन तासांच्या आत सुरू झालं तर उत्तम, 72 तासांनंतर देत नाहीत, आणि कोर्स 28 दिवसांचा. पेशंटचं आणि तुमचं दोघांचंही ब्लड तपासतात. "पेशंट निगेटिव्ह दिसतो" असं नसतं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, ते जॉइन व्हायच्या आधीच सुरू करा आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर (रक्तात संरक्षण किती तयार झालं ते) बघा. आणि वापरलेल्या सुईला दोन हातांनी टोपी लावायची सवय आजच सोडा.

बाहेरगावची आहे, नाइट ड्युटी कशी जमेल? घरचे तयार नाहीत.

पहिलं वर्ष हॉस्टेल देणारं हॉस्पिटल मिळालं तर सोनं. नाही तर रूम पायी जाता येईल इतकी जवळ घ्या, भाडं जास्त पडलं तरी. मेट्रो आहे, पण रात्री उशिराच्या ड्युटीला तिच्या भरवशावर राहू नका. ड्युटी रात्री संपत असेल तर हॉस्पिटलची गाडी सोडते का, हे जॉइनिंगच्या आधी लेखी घ्या. घरच्यांना एकदा आणून वॉर्ड, हॉस्टेल आणि इनचार्ज सिस्टर दाखवा, माझ्या आईचा विरोध असाच गेला होता. कामावर कोणी नको तसं वागलं तर दहा किंवा जास्त लोक असलेल्या प्रत्येक ठिकाणी 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती असायलाच हवी, तिची नावं नोटीस बोर्डावर शोधा.

मराठी येतं, हिंदी कच्चं आहे, चालेल का?

नागपुरात हिंदीशिवाय चालत नाही. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, छत्तीसगढ, सगळीकडून पेशंट येतात. व्याकरण चुकलं तरी बोला. गोंडी बोलणारी म्हातारी माणसं आली तर सोबतच्या नातवाला हाताशी धरा, नुसतं मोठ्याने बोलून काही होत नाही.

नातेवाईक अंगावर येतात, तेव्हा काय करायचं?

दाराकडे पाठ करून उभं राहू नका, एकटं राहू नका, सिक्युरिटी बोलवा. मारहाण किंवा तोडफोड झाली तर महाराष्ट्रात 2010 चा वेगळा कायदा आहे, तो डॉक्टरांइतकाच नर्सलाही लागू आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "जाऊ दे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, तक्रार संस्थेला करायला लावा. पण त्याआधीचं एक, बहुतेक भांडणं कोणी काही सांगत नाही म्हणून होतात. दर दोन तासांनी बाहेर जाऊन "आत्ता असं आहे, डॉक्टर इतक्या वाजता बोलतील" एवढं सांगितलं तरी अर्धी गर्दी शांत बसते.

मी मुलगा आहे, ब्रदरला नोकरी मिळते का?

मिळते, आयसीयू, कॅज्युअल्टी, डायलिसिस, ओटी इथे चांगली मागणी आहे. एम्सच्या भरतीत मात्र 80 टक्के जागा मुलींना आणि 20 टक्के मुलांना असतात, त्यामुळे तुमचा कटऑफ वर जातो, तयारी त्या हिशोबाने करा. मॅटर्निटीत घेत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका, पण कॉलेजात तिथलं जे शिकलात ते विसरूही नका, परीक्षेत येतं.

सरकारी परीक्षा कोणत्या द्यायच्या?

नॉरसेट ही सगळ्या एम्सची एकत्र परीक्षा, प्रिलिम्स आणि मेन्स, चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश मार्क जातो, वयाची मर्यादा 30 आणि आरक्षणाप्रमाणे सूट. लेव्हल 7, म्हणजे मूळ पगार 44,900 पासून. आपलं नागपूरचं, मिहानमधलं एम्स मिळेल की नाही हे रँकवर आहे, तर बाहेर जायची तयारी ठेवूनच बसा. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाची अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) ही मेडिकल आणि मेयोची पोस्ट, सार्वजनिक आरोग्य विभागाची भरती वेगळी निघते, महापालिकेची वेगळी. एनएचएममधून (राष्ट्रीय आरोग्य अभियानातून) सीएचओ होता येतं, उपकेंद्रावर, गावात, कंत्राटी. ज्यांना एकटीने निर्णय घ्यायला आवडतं त्यांनी जरूर करा, फक्त कंत्राटी आहे हे डोक्यात ठेवून.

नोकरी करत अभ्यास होतो का? होतो, नाइट ऑफच्या दिवशी आधी झोप, मग अभ्यास. आणि वॉर्डात दिसलेली केस त्याच दिवशी वाचली तर ती परीक्षेपर्यंत लक्षात राहते.

परदेशात जायचंय, लगेच सुरुवात करू का?

भाषेची आत्ता करा, बाकीचं दोन वर्षांनी, कारण आखाती देशांत बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात. जर्मनीला बी2 लेव्हलपर्यंत जर्मन, यूकेला ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आणि मग तिथली सीबीटी (कॉम्प्युटरवरची) आणि ओएससीई (प्रात्यक्षिक). एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः तपासा, कायद्याने त्याची फी 30,000 अधिक जीएसटी एवढीच. लाखांत मागणाऱ्याकडे पासपोर्ट ठेवून येऊ नका, ओरिजिनलबद्दल वर बाँडच्या प्रश्नात लिहिलंय तेच इथेही.

लग्नानंतर नाव बदललं तर?

बदललंच पाहिजे असं नाही, आधी ते. बदलायचं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट आणि गॅझेट काढून कौन्सिलमध्ये, आधारवर, पॅनवर, पीएफमध्ये सगळीकडे एकदमच बदला, अर्धं जुनं अर्धं नवीन राहिलं की प्रत्येक भरतीत अडतं. आणि पहिल्या नोकरीत असतानाच दिवस गेले तर, आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजेचा हक्क आहे, "तू तर नवीन आहेस" हे उत्तर चालत नाही.

नोकरी सोडताना काय काय घेऊ?

राजीनामा मेलवर द्या म्हणजे तारीख राहते. रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिप, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर), आणि अनुभवाचं सर्टिफिकेट. त्या सर्टिफिकेटवर पद, विभाग, जॉइन आणि सोडल्याची तारीख, हॉस्पिटलचे एकूण बेड, सही आणि शिक्का एवढं असलंच पाहिजे, बेडचा आकडा बहुतेक विसरतात आणि जीएनएमवाल्यांना नंतर तोच लागतो. काउंटरवरच वाचा, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, मगच गेटबाहेर पडा.